औषधाची पारख

"काका, लायटर खाली ठेवा!" मी दारातूनच ओरडले.

स्वयंपाकघरात गॅस इतका दाटला होता की ओट्यापर्यंत पोचायच्या आधीच मला मळमळायला लागलं. अण्णाकाका शेगडीपुढं उभे होते. एका हातात चहाचं पातेलं, दुसऱ्या हातात लायटर. शेगडीची एक कळ उघडीच होती. त्यांनी अगदी शांतपणे माझ्याकडं पाहिलं.

"का गं? चहा नको?"

मी त्यांच्या हातातला लायटर हिसकून खिडकीतून अंगणात फेकला, कळ बंद केली, रेग्युलेटर फिरवला, मागचं दार उघडलं. ही धावपळ काका असे बघत होते, जणू मी एखादं नवं नृत्य शिकून आले आहे.

"गॅस सुटलाय, काका! वास येत नाही तुम्हाला?"

"येतोय की," ते म्हणाले. "बारीक."

"बारीक?"

"सर्दी झालीय."

मे महिना होता. तासगावकडच्या मे महिन्यात सर्दी सहसा कुणाला होत नाही. शिवाय हे नाक साधंसुधं नव्हतं. आसपासच्या गावांतलं ते सर्वांत नावाजलेलं नाक होतं.

हे सांगायला हवं. आमच्या भागात सगळीकडं द्राक्षबागा. आम्ही कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणत नाही, औषध म्हणतो. आणि औषध म्हटलं की त्यात बनावट आलंच. कीड मेली नाही की शेतकरी म्हणणार औषध बनावट, दुकानदार म्हणणार तुला फवारता येत नाही. असं भांडण झालं की दोघं माझ्या थोरल्या काकांकडं, भूपालअण्णा चौगुल्यांकडं यायचे. काका केरसुणीची स्वच्छ काडी घ्यायचे, बाटलीत बुडवायचे, नाकाशी धरायचे, मग काडीचं टोक जिभेला लावायचे, थुंकायचे आणि सांगायचे, खरं की बनावट. त्यांचा शब्द दोन्ही बाजू मानायच्या. बनावट म्हटलं की दुकानदार सगळा माल परत घ्यायचा. कोर्ट नाही, कचेरी नाही.

आमचं घर जैन. काकांनी जन्मात कांदा-लसूण खाल्लेला नव्हता. दिवस मावळल्यावर ते जेवत नसत, पाणी गाळल्याशिवाय पीत नसत. औषध मात्र ते तसंच घ्यायचे, न गाळता. यात काही विचित्र आहे असं घरात कुणालाच वाटायचं नाही. मलाही वाटत नव्हतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी आदल्या दिवशीच घरी आले होते, आणि त्या गॅसच्या वासात उभी राहीपर्यंत मला खरोखर काही वाटलेलं नव्हतं.

पद्माकाकू मंदिरातून आल्या. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या.

"सुनेत्रा, खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, ह्यांनी माझ्या आमटीला नाव ठेवलेलं नाही."

"मग?"

"लग्न झाल्यापासून रोज ठेवायचे. हिंग जास्त, हिंग कमी, फोडणी करपली. एकदम बंद झालं. मला वाटलं, माणूस सुधारला."

काका आत खुर्चीत बसून हे ऐकत होते. "सुधारलोच आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज आताशा फार हळू झाला होता. समोर वाकल्याशिवाय ऐकू यायचा नाही.

मी म्हटलं, आपण प्रयोग करू. प्रयोग हा शब्द ऐकून काका खूश झाले. मी त्यांच्या डोळ्यांवर काकूंचा टॉवेल बांधला आणि फडताळातून एकेक गोष्ट काढून नाकाखाली धरत गेले.

"हिंग," काका म्हणाले.

बरोबर होतं. काकू मान हलवून म्हणाल्या, "त्या डबीचं झाकण वाजतं. अख्ख्या घराला कळतं."

मी पुढच्या वेळी हिंग वाटीत काढून आणला. काकांनी बराच वेळ घेतला. "वेलदोडा," ते म्हणाले. कॉफीला ते "गहू" म्हणाले. जळलेल्या खोबऱ्याला "काहीच धरलेलं नाहीस, फसवतेस." मग मी व्हिक्सची डबी धरली, आणि ते लगेच, मोठ्या विजयानं म्हणाले, "व्हिक्स!"

"बघ, येतोय की वास," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की पुढचं सांगायला मला जड गेलं. व्हिक्स वासानं कळत नाही, नाकाला गार झोंबतं म्हणून कळतं. ते झोंबणं वाहून नेणारी नस वेगळी आणि वासाची नस वेगळी. काकांची झोंबण्याची नस शाबूत होती. वासाची बंद होती.

मी टॉवेल सोडला. "काका, मग औषध कसं ओळखता?"

ते टॉवेलाची घडी घालायला लागले.

"जिभेनं?"

"खरं असलं की जीभ बधिर होते," ते म्हणाले. "आधी थेंबानं व्हायची. आता जरा जास्त लागतं."

"जास्त म्हणजे किती?"

त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि मला येत होतं ते सगळं सांगितलं. ही औषधं किड्याच्या नसांवर काम करतात, आणि आपल्याही नसा फार वेगळ्या नसतात. तीस वर्षं उघड्या अंगानं पंप मारला, हातानं औषध ढवळलं, वर हे चाखणं, त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, सावकाश साठत जातो. नाक गेलं म्हणून तुम्ही जीभ जास्त वापरता, आणि कदाचित ज्याच्यामुळं नाक गेलं तेच जिभेला लावता. कदाचित हा शब्द मी मुद्दाम वापरला. खात्री नसताना खात्रीनं बोलायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"तुझं शिक्षण वाया गेलं नाही," ते म्हणाले. "पण दिनकर चार वाजता येणार आहे."

"कोण दिनकर?"

"दिनकर पाटील. त्याच्या बागेतला उडद्या किडा मेला नाही. विलासशेठच्या दुकानातलं औषध. दोघांनी माझ्यावर सोपवलंय."

"आज नाही म्हणा."

"आज नाही म्हटलं तर उद्या कारण विचारतील. कारण सांगितलं, तर ह्या दोन वर्षांत जे निवाडे दिले त्यांचं काय करू? परत घेऊ?" एवढं बोलून ते दमले. "एक काडी तर आहे, सुनेत्रा."

"पेरभर आहे!" काकू बाहेरून ओरडल्या.

चार वाजता विलासशेठच्या दुकानाच्या कट्ट्यावर पन्नासेक माणसं जमली होती. अशा निवाड्याला लोक यायचेच. कुणी शेंगदाणे आणायचं, कुणी घरच्या पोरांना बघायला आणायचं. काका चालत आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले.

मी सहा महिन्यांनी त्यांना असं लांबून चालताना बघत होते. पावलं छोटी, सावकाश. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस आपल्या पोराला म्हणाला, "बघ, मोठ्या माणसाची चाल बघ. घाई न्हाई, गडबड न्हाई."

काका खुर्चीत बसले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायला लागली, एकसारखी, जणू बोटांत मणी आहे आणि तो पुढं सरकवायचा आहे.

"बसल्या जागी जप चालू असतो," एक बाई हात जोडून म्हणाली. "माळ नसली तरी. दोन वर्षांत पार साधू झालेत."

"आणि तोंड बघा," तिचा नवरा म्हणाला. "दगडासारखं. न्याय देणाऱ्याचं तोंड असंच पाहिजे. कुणाच्या बाजूला कळू द्यायचं न्हाई."

मी त्या बोटांकडं बघत राहिले. अभ्यासात मी हे एका पानावर वाचलं होतं. वाचलं तेव्हा ते एक चित्र होतं आणि खाली नाव होतं. ते नाव मी मनातल्या मनातही उच्चारलं नाही. पण आता काडीचं टोक जिभेला लागू द्यायचं नाही, एवढं मात्र पक्कं झालं.

दिनकर पाटलानं आपली अर्धी बाटली पुढं ठेवली. विलासशेठनं सीलबंद बाटली ठेवली. विलासशेठ हा गोरापान, घामेजलेला माणूस, पान खाऊन ओठ लाल झालेले.

"अण्णा, तुमच्याच हातानं फोडा," तो म्हणाला.

मी पुढं झाले. "माफ करा. हे चाखून ठरवायची गोष्ट नाही. दोन्ही बाटल्यांचा नमुना मी प्रयोगशाळेत पाठवते. तिथं नेमकं सांगतात."

"किती दिवसात?" दिनकरनं विचारलं.

"तीन आठवडे तरी लागतील."

"तीन आठवड्यांत उडद्या माझी बाग खाऊन तुमच्या बागेत जेवायला यील, ताई."

लोक हसले. मी पुन्हा समजावायला लागले, नसा, साठत जाणारा परिणाम, वगैरे. लोकांनी ते सभेतलं भाषण ऐकावं तसं ऐकलं आणि शेवटी एकानं टाळीही वाजवली. मग दिनकरनं काडी काकांच्या हातात दिली.

तेवढ्यात पद्माकाकू गर्दीतून आल्या. त्या कधी अशा ठिकाणी येत नसत.

"ह्यांना चालणार नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांनी नियम घेतलाय."

आमच्यात नियम घेणं म्हणजे एखादी गोष्ट सोडणं. कुणी साखर सोडतं, कुणी तूप, कुणी बटाटा. देवापुढं बोलून सोडलेली गोष्ट मग तोंडात जात नाही, आणि हे गावातले बाकीचे लोकही मानतात.

"कशाचा नियम, वैनी?" विलासशेठनं विचारलं.

"औषधाचा. आजपासून औषध जिभेला लावणार नाहीत."

काकांनी काकूंकडं पाहिलं. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. पण पन्नास माणसांसमोर बायकोनं देवाचं नाव घेऊन सांगितलेलं खोटं ठरवणं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं.

"किती दिवस?" दिनकर म्हणाला.

"आजन्म," काकू म्हणाल्या.

लोकांनी हात जोडले. मी इतका वेळ सांगून जे झालं नाही ते एका शब्दात झालं. काहीजण तर काकांच्या पाया पडायला पुढं सरकले. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात विलासशेठ म्हणाला, "मग आता हिनं चाखावं."

"कुणी?"

"तुमच्या पुतणीनं. रसायनाचं शिकलीय, घर तेच, रक्त तेच. नियम काय तिनं घेतलेला न्हाई."

"बरोबर!" दिनकर म्हणाला. या भांडणात हे दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले होते. "शिकलेल्या जिभेला जास्त कळंल."

"मला काही कळणार नाही," मी म्हटलं. "कुणालाच कळत नाही, हेच तर..."

"शिकून घ्या की, ताई. अण्णांच्या माघारी कोण हाय? गादी मोकळी ठेवून चालंल काय?"

गर्दीतून होकार आला. कुणीतरी नवी काडी आणली. विलासशेठनं ती सीलबंद बाटलीत बुडवली आणि माझ्यापुढं धरली. टोकाला पिवळसर थेंब लोंबत होता. त्याचा वास माझ्या डोळ्यांत गेला. काकू माझा दंड धरून मागं ओढत होत्या, आणि मागची माणसं, मला धीर यावा म्हणून, पुढं ढकलत होती.

"ती काडी टाक," काका म्हणाले.

नेहमीसारखंच हळू. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ते खुर्चीच्या दांडीला धरून उठले, दोन वेळा प्रयत्न करून, आणि विलासशेठच्या हातावर त्यांनी फटका मारला. काडी मातीत पडली.

"माझं नाक गेलंय," ते म्हणाले. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. "दोन वर्षं झाली. वास येत नाही, चव कळत नाही. आणि ते ह्याच्यामुळंच गेलं असंल. हिच्या तोंडाला लावायचं नाही."

शेंगदाणे खाणारा खायचा थांबला.

"म्हंजे," दिनकर सावकाश म्हणाला, "मागच्या साली माझं औषध खरं म्हणालासा, ते कशावरनं?"

"तुझ्यावरनं."

"माझ्यावरनं?"

"तू लई शिव्या देत होतास. ज्यानं फवारणीत आळस केलेला असतो तो जास्त शिव्या देतो."

दिनकरनं इकडंतिकडं पाहिलं. "केला हुता आळस," तो म्हणाला.

"आणि मला दोनदा माल परत घ्यायला लावला तो?" विलासशेठनं विचारलं.

"दोन्ही वेळा तू पान थुंकून आला होतास. एरवी तू तोंडातलं पान माझ्यासाठी काय, साहेबासाठीही टाकत नाहीस."

विलासशेठनं पटकन ओठ पुसले. आज पान होतं, म्हणजे आजचं औषध खरं, एवढा हिशेब गर्दीनं तिथल्या तिथं केला आणि दिनकरनं निमूटपणे आपली अर्धी बाटली उचलली. निवाडा झाला होता. लोक पांगायला हवे होते, पण कुणी हललं नाही.

मागून सुभाष पुढं आला. गावात भाड्यानं ब्लोअर चालवणारा, रोज कुणाच्या ना कुणाच्या बागेत फवारणारा माणूस.

"अण्णा, ते वास न येणं... मलाबी हाय," तो म्हणाला. "अत्तर लावतो, कळतच न्हाई किती लावलं. बायको म्हणती, पार आंघोळ करून आलास का?"

कुणी हसलं नाही.

"मला जायफळ कळत न्हाई," दुसरा म्हणाला.

"मी म्हशीच्या गोठ्यात जेवलो तरी मला फरक पडत न्हाई," तिसरा म्हणाला. "मला वाटायचं, मन मोठं झालं."

विलासशेठ दुकानाच्या पायरीवर बसला. "मला दुकानात कसलाच वास येत न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं, सवय झाली."

मी घाईघाईनं सांगितलं की वास जायला पुष्कळ कारणं असतात. जुनी सर्दी, तंबाखू, नाकातली गाठ, नुसतं वय. सगळ्यांना एकच झालंय असं समजू नका. पण आता मला कुणी टाळी वाजवत नव्हतं. माणसं एकमेकांच्या तोंडांकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काकांना मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. विलासशेठ आपला टेम्पो घेऊन दारात हजर झाला. हाच टेम्पो गावोगाव औषध पोचवायचा. त्याच्या अंगावर हिरवीगार वेल, हसरं कुटुंब आणि "कीड गेली, काळजी गेली" अशी ओळ रंगवलेली होती. मागं सुभाष होता, दिनकर होता, जायफळ न कळणारा होता, गोठ्यात जेवणारा होता, आणखी बरेच होते. कुणी कुणाला बोलावलेलं नव्हतं.

"तुम्ही कशाला?" काकूंनी विचारलं.

"अण्णांना सोबत," दिनकर म्हणाला. त्याच्या खिशात त्याचं आधार कार्ड होतं.

काकांना पुढं बसवलं. काकू आणि मी त्यांच्या शेजारी.

डॉक्टर चाळिशीचे, शांत बोलणारे होते. माणसं बाहेरच्या बाकांवर बसली, आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टरांनी काकांना बोटं आपटायला लावली, खोलीत चालायला लावलं, स्वतःचं नाव पुन्हापुन्हा लिहायला लावलं. प्रत्येक वेळी अक्षरं आधीपेक्षा बारीक होत गेली. मग त्यांनी मला आणि काकूंना एकेक गोष्ट दाखवली. चालताना हा हात हलत नाही, बघा. चेहऱ्याचे स्नायू आखडलेत, म्हणून भाव दिसत नाहीत. आवाज त्यामुळंच लहान झालाय. आणि बसल्यावर ही बोटं अशी फिरतात.

"म्हणजे तो जप नव्हता?" काकूंनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाशी धरला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, कंपवात. गोळ्यांनी हालचाल बरीच सुधारेल, पण गेलेलं परत येणार नाही. नाक हाताच्या कितीतरी आधी जाऊ शकतं, असंही ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? मी तीस वर्षांची फवारणी सांगितली आणि काडीचंही सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि काकांकडं पाहिलं.

"जिभेला लावायचात?"

"आता नाही लावत," काका म्हणाले. "नियम आहे."

मग ते पुढं वाकले. विचारायचं होतं ते त्यांनी फार वेळ मनात जुळवलं असावं.

"डॉक्टर, हे औषधामुळंच झालं का?"

खात्री नसताना खात्रीनं बोलायचं नाही, हे डॉक्टरांनाही कुणीतरी शिकवलं होतं.

"एकट्या तुमच्याबद्दल सांगता येत नाही, अण्णा," ते म्हणाले. "अशी औषधं हाताळणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो, एवढं माहीत आहे. पण तो तुम्हाला त्याच्यामुळंच झाला की नुसता झाला, हे एका माणसाकडं बघून कळत नाही. त्यासाठी एकाच गावातली, एकच काम करणारी, पुष्कळ माणसं तपासावी लागतात."

काकांनी मान हलवली. खुर्चीच्या दांडीला धरून ते उठायला लागले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी नको म्हटलं. उठले, छोट्या पावलांनी दारापर्यंत गेले, पडदा बाजूला केला आणि बाहेरच्या बाकांकडं बोट दाखवलं.

"टेम्पोभर आणलीत," ते म्हणाले. "घ्या आत."